प्लॅस्टिकच्या नळांचे गळके जोड : कारणे, निदान आणि उपाय

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि क्षेत्रीय कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



गावातील नळयोजना पुरी झाली, उंच टाकी उभी राहिली, घरोघर तोट्या बसल्या, की काम संपले अशी भावना सर्वत्र निर्माण होते. वस्तुतः त्या दिवशी कामाचा केवळ पहिला भाग संपलेला असतो. पाणी टाकीपासून घरातील हंड्यापर्यंत पोचते ते शेकडो लहानमोठ्या जोडांमधून. टाकी कितीही भक्कम असली आणि पंप कितीही सामर्थ्यवान असला, तरी योजनेचे आयुष्य अखेरीस या जोडांच्या आयुष्याएवढेच असते. म्हणूनच घरातील गळका जोड हा विषय दिसण्यास क्षुल्लक असला, तरी तो ग्रामपंचायतीच्या सभेत चर्चिला जाण्याच्या योग्यतेचा आहे.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशनची घोषणा झाली आणि ग्रामीण भागातील प्रत्येक कुटुंबाला नळजोडणीद्वारे दरडोई दररोज किमान ५५ लिटर पाणी देण्याचे उद्दिष्ट ठरविण्यात आले. या कार्यक्रमाची मुदत २०२८ पर्यंत वाढविण्याची घोषणा फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात करण्यात आली. ७३ व्या घटनादुरुस्तीने घटनेत समाविष्ट झालेल्या अकराव्या अनुसूचीत पिण्याचे पाणी हा विषय पंचायतींकडे सोपविण्याजोगा म्हणून नमूद आहे. साहजिकच, नळ बसविणे हे शासनाचे कार्य मानले, तरी तो नळ वाहता व शुद्ध ठेवणे ही जबाबदारी प्रामुख्याने गावाची ठरते.

थेंबांचा हिशेब

गळतीचे प्रमाण डोळ्यांना नेहमी कमीच वाटते. दर सेकंदाला एक थेंब पडणारा जोड घेतला, तर दिवसभरात ८६,४०० थेंब पडतात. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरल्यास हे पाणी सव्वाचार लिटरांहून अधिक भरते आणि महिन्याला सुमारे १३० लिटर होते. थेंबांऐवजी बारीक धार लागली, तर चित्र पालटते. दहा मिनिटांत एक लिटरचे भांडे भरणारी धार दिवसाला १४४ लिटर पाणी वाया घालविते. दरडोई ५५ लिटरांच्या मापाने अडीच माणसांहून अधिक लोकांचा हा दिवसाचा वाटा होय. ज्या घरातील माळ्यावर टाकी आहे, तेथे हा दाब रात्रंदिवस असतो आणि गळतीही रात्रंदिवस चालते.

परंतु वाया जाणारे पाणी हे नुकसानीचे एकच अंग आहे. वरच्या आळीत जागोजागी पाणी गळाले, की नळाच्या शेवटच्या टोकावरील वस्तीत दाब उरत नाही. तेथील तोटीला पाणी येत नाही. आले तरी करंगळीएवढे येते. ज्या घरी पाणी येत नाही, ते घर पाणीपट्टी भरण्यास नाखूश असते. पाणीपट्टी वसूल झाली नाही की पंपाचे वीजबिल थकते, दुरुस्तीला पैसा उरत नाही आणि गळती आणखी वाढते. दोन आळ्यांमधील पाण्याच्या भांडणाचा उगम पुष्कळदा भिंतीतील एखाद्या न दिसणाऱ्या जोडात असतो.

तिसरे अंग सर्वांत गंभीर आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पाणी ठरावीक वेळच येते. पाणी बंद झाल्यावर नळ रिकामा होताना आत पोकळी निर्माण होते, आणि ज्या छिद्रातून सकाळी पाणी बाहेर येत होते त्याच छिद्रातून दुपारी बाहेरचे पाणी आत ओढले जाते. जोड गटारात किंवा मोरीच्या सांडपाण्यात बुडालेला असेल, तर काय आत जाते हे सांगण्याची आवश्यकता नाही. नळाला थेट विद्युत मोटार लावून पाणी खेचणाऱ्या घरांमुळे हे शोषण अधिकच वाढते. पावसाळ्याच्या आरंभी पसरणाऱ्या अतिसार, कावीळ, पटकी यांसारख्या रोगांचा शोध घेताना गळक्या वाहिन्यांची तपासणी प्रथम केली जाते, ती याच कारणाने. टाकीत टीसीएल पावडर नियमाने टाकली आणि टाकीजवळील नमुन्यात क्लोरीन आढळला, तरी टोकाच्या घरी ओ. टी. चाचणीत तो आढळत नसेल, तर मधल्या मार्गात दूषित पाणी मिसळत असल्याची शंका घेतलीच पाहिजे.

लोखंडाकडून प्लॅस्टिककडे

एकेकाळी घरातील नळ म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी नळ, असे समीकरण होते. त्याचे जोड आटे पाडून, सूत गुंडाळून व सफेदा लावून पान्याने आवळले जात. पिण्याच्या पाण्याच्या पी.व्ही.सी. नळांसाठी भारतीय मानक ४९८५ प्रथम १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढील दशकांत हा हलका, न गंजणारा व स्वस्त नळ शेतात आणि घरात सर्वत्र रूढ झाला. नळ बदलला, परंतु अनेक ठिकाणी हाताची सवय मात्र लोखंडाचीच राहिली. आजच्या गळतीचा मोठा भाग या जुन्या सवयीतून उद्भवतो.

प्लॅस्टिकचे नळ एकाच जातीचे नाहीत. साध्या पी.व्ही.सी. नळाचे मानक ४५ अंश सेल्सियसपर्यंतच्या पाण्यासाठी आहे. गरम पाण्यासाठी सी.पी.व्ही.सी. हा निराळा नळ असून त्याचे मानक १५७७८ आहे. गावातील मुख्य वाहिनीसाठी व घरजोडणीसाठी वापरला जाणारा काळा, लवचिक नळ एच.डी.पी.ई.चा असतो आणि त्याचे मानक ४९८४ आहे. पहिल्या दोहोंचे जोड सॉल्व्हंट सिमेंटने, म्हणजे कारागीर ज्याला ‘सोल्युशन’ म्हणतात त्याने केले जातात. काळ्या नळाला मात्र ते मुळीच चिकटत नाही. त्याचे जोड उष्णतेने वितळवून किंवा आवळून बसविण्याच्या फिटिंगने करावे लागतात. काळ्या नळावर सोल्युशन लावून वर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली अनेक गावांत दिसते. ही दुरुस्ती नव्हे, गळती काही दिवस पुढे ढकलण्याचा तो उपाय आहे.

सोल्युशन म्हणजे डिंक नव्हे

सोल्युशनविषयीचा गैरसमज प्रथम दूर होणे आवश्यक आहे. डिंकाप्रमाणे दोन वस्तूंच्या मध्ये राहून ते त्यांना चिकटवीत नाही. त्यातील द्रावक नळाचा बाहेरचा व सॉकेटचा आतला पृष्ठभाग काही क्षण मऊ करतात. दोन्ही पृष्ठभाग एकमेकांत मिसळतात आणि द्रावक उडून गेल्यावर तेथे एकसंध प्लॅस्टिक तयार होते. हे तत्त्व ध्यानात घेतले, की चांगल्या व वाईट जोडातील भेद आपोआप उलगडतो. पृष्ठभाग ओला असेल, धुळीचा असेल, तेलकट असेल, किंवा दोहोंमध्ये फट असेल, तर मिसळण्याची क्रिया होतच नाही.

या फटीचे एक कारण फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. शेतीत व वाहिनीत वापरला जाणारा २० मिलिमीटरचा नळ बाहेरून २० मिलिमीटरच असतो. घरकामासाठी इंची मापाने मिळणाऱ्या अर्ध्या इंची पी.व्ही.सी. नळाचा बाहेरील व्यास मात्र २१.३ मिलिमीटर असतो. दुकानात दोन्ही ‘अर्धा इंची’ म्हणूनच मागितले जातात. २० मिलिमीटरचा नळ इंची सॉकेटमध्ये घातला, तर सव्वा मिलिमीटरहून अधिक फट राहते आणि ती सोल्युशनने भरण्याचा प्रयत्न होतो. असा जोड पहिल्या दिवशी गळत नाही. तो काही महिन्यांनी, दाब वाढल्यावर गळतो. म्हणून नळ व फिटिंग एकाच मापपद्धतीचे घ्यावे आणि नळावर छापलेला मानक क्रमांक, व्यास व दाबाचा वर्ग वाचूनच खरेदी करावी.

गळतीचे निदान

दुरुस्तीपूर्वी गळतीचे खरे स्थान शोधणे अगत्याचे आहे. पाणी नळाच्या अंगावरून वाहत जाऊन भलत्याच ठिकाणी टपकते. त्यामुळे जेथे थेंब पडतो तेथे गळती असतेच असे नाही. संशयित भागातील सर्व जोड कोरड्या फडक्याने पुसावेत, प्रत्येक जोडाभोवती वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी गुंडाळावी आणि पाणी सुरू करावे. सर्वांत आधी जी पट्टी भिजते, तेथे दोष असतो.

नळ भिंतीत पुरलेला असेल, तर रात्री निजण्यापूर्वी सर्व तोट्या बंद करून टाकीतील पाण्याच्या पातळीवर खूण करावी आणि टाकीत येणारे पाणीही बंद ठेवावे. सकाळी पातळी खाली गेलेली आढळल्यास गळती निश्चित समजावी. जेथे जलमापक आहे, तेथे सर्व तोट्या बंद असताना त्याचा काटा फिरतो की नाही हे पाहणे पुरेसे आहे.

गळतीचे रूपही कारण सांगते. सॉकेटच्या तोंडाशी सर्व बाजूंनी पाझर असेल, तर सोल्युशनचा जोड कच्चा आहे. सॉकेटच्या अंगावर उभी, केसासारखी चीर दिसत असेल, तर आटे अतिरेकी आवळले गेले आहेत. केवळ पंप सुरू होताना किंवा तोटी झटकन बंद करताना पाणी उडत असेल, तर दाबाच्या धक्क्याने कमकुवत जोड उघडत आहे. पहाटेच्या गारव्यात गळती होते व दुपारी थांबते, असे आढळल्यास नळाच्या आकुंचन-प्रसरणाकडे लक्ष द्यावे. पी.व्ही.सी. नळ दर मीटरला दर अंशामागे सुमारे ०.०७ मिलिमीटर लांबतो. गच्चीवरील सहा मीटरच्या नळात तीस अंशांचा फरक पडला, तर त्याच्या लांबीत बारा मिलिमीटरांहून अधिक फरक पडतो. दोन्ही टोके सिमेंटात घट्ट बसविलेली असतील, तर ही सर्व ओढ जोडावर येते.

पक्का जोड करण्याची रीत

चिरलेल्या किंवा पाझरणाऱ्या जोडावर बाहेरून सोल्युशन, सिमेंट वा डांबर फासून कायमचा उपयोग होत नाही. सोल्युशनने केलेला जोड उकलता येत नाही. त्यामुळे तो भाग कापून काढणे हाच खरा उपाय आहे. पाणी बंद करून नळ पूर्ण रिकामा करावा, दोषयुक्त फिटिंगच्या दोन्ही बाजूंचा नळ कापावा आणि नवे फिटिंग, नळाचा तुकडा व दोन कपलर यांच्या साहाय्याने तो भाग जोडावा. नळ सरकण्यास जागा नसेल तेथे युनियन बसवावी. पुढील दुरुस्तीच्या वेळी ती खोलताही येते.

जोड करताना पुढील क्रम पाळावा. नळ काटकोनात कापावा. तिरपा कापल्यास एका बाजूला पकड अपुरी राहते. करवतीने कापल्यावर राहिलेले कुसळ कानशीने किंवा चाकूने काढावे, अन्यथा ते सॉकेटमधील सोल्युशन खरवडून पुढे ढकलते. नळ कोरडाच सॉकेटमध्ये घालून पाहावा. तो सैल पडत असल्यास फिटिंग बदलावे. सॉकेटची खोली मोजून नळावर पेन्सिलीने खूण करावी. दोन्ही पृष्ठभाग कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसून सॉकेटच्या आत पातळ व नळावर थोडा अधिक असा सोल्युशनचा सर्वत्र सारखा थर लावावा. विलंब न करता नळ खुणेपर्यंत आत दाबावा, दाबताना पाव वेढा फिरवावा आणि अर्धा मिनिट तसाच धरून ठेवावा, कारण नळ आपोआप मागे सरकतो. बाहेर आलेले जादा सोल्युशन पुसून काढावे.

यानंतरची पायरी म्हणजे थांबणे, आणि सर्वाधिक चुका येथेच होतात. घरात पाणी नाही म्हणून तासाभरात पंप सुरू केला जातो आणि अर्धवट घट्ट झालेला जोड आतून सुटतो. डब्यावर लिहिलेला अवधी पाळावा. तो वाचता येत नसेल, तर चोवीस तास दाब देऊ नये. हा एक दिवस घरातील स्त्रियांना त्रासाचा जातो हे खरे आहे. म्हणून दुरुस्तीचा दिवस त्यांना आधी सांगून, पाणी भरून ठेवण्यास अवसर देऊनच काम हाती घ्यावे.

सी.पी.व्ही.सी. नळासाठी त्याच जातीचे सोल्युशन वापरावे. घट्ट झालेल्या सोल्युशनमध्ये थिनर मिसळून ते वापरू नये, डबा उघडा ठेवू नये. त्याची वाफ ज्वालाग्राही असते. बंद खोलीत किंवा विडी ओढत हे काम करणे धोक्याचे आहे.

आट्यांचा जोड

तोटी, कॉक किंवा पितळी व्हॉल्व्ह जेथे बसतो, तेथे आट्यांचा जोड असतो. येथे लोखंडाच्या सवयीने सर्वाधिक हानी होते. सूत जाड गुंडाळून लांब दांड्याच्या पान्याने आवळल्यास प्लॅस्टिकचे सॉकेट आतून फाटते. चीर मात्र काही दिवसांनी दिसते. गळती दिसली की आणखी एक वेढा आवळायचा, हा उपाय ती चीर मोठी करतो.

प्लॅस्टिकच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप वापरावी. नळाचे तोंड स्वतःकडे धरून ती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने ताणून गुंडाळावी, म्हणजे आवळताना ती उलगडत नाही. जोड प्रथम हाताने बसेल तितका बसवावा व नंतर पान्याने एक ते दीड वेढाच फिरवावा. धातूचा बाहेरील आटा प्लॅस्टिकच्या आतील आट्यात बसवायचा असेल, तर आत पितळी आटे असलेले फिटिंग घ्यावे. त्यासाठी थोडे अधिक पैसे पडतात, परंतु तोटीच्या ठिकाणी ही काटकसर महागात जाते. युनियन गळत असेल, तर ती अधिक आवळण्यापूर्वी खोलून आतील रबरी कडे जागेवर आहे की चिरडले गेले आहे, हे पाहावे.

तोटीचा भार नळावर पडता कामा नये. भरलेली बादली तोटीला अडकविणे, शाळेच्या आवारात मुलांनी तोटीवर पाय देणे, यांमुळे भिंतीतील एल्बो मोडतो. तोटीमागे भिंतीला पक्का आधार द्यावा. आडव्या लहान नळांना साधारण पाऊण ते एक मीटरवर क्लॅम्प असावेत. मात्र ते नळ सरकू शकेल इतके सैल ठेवावेत. उघड्यावरील नळ उन्हाने ठिसूळ होतो. तो शक्यतो पुरावा, नाही तर झाकावा किंवा रंगवावा. तोटी सावकाश बंद करण्याची सवयही जोडांचे आयुष्य वाढविते.

कोणी काय करावे

पंचायत सदस्यांनी नवे काम ताब्यात घेताना चर बुजविण्यापूर्वी सर्व जोड उघडे ठेवून, पूर्ण दाबाने पाणी सोडून पाहण्याचा आग्रह धरावा. चर बुजल्यावर दोष शोधण्याचा खर्च दोष दुरुस्त करण्याच्या खर्चाहून अधिक होतो. गटारातून किंवा त्याच्या खालून जाणारे घरजोड शोधून ते प्रथम हलवावेत. मोटार लावून पाणी खेचण्याच्या प्रथेविषयी ग्रामसभेत स्पष्ट निर्णय घ्यावा. जल जीवन मिशनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या सदस्य स्त्रिया असावयाच्या आहेत. कोणत्या तोटीचे पाणी कधी गढूळ येते आणि कोणत्या घरी कधी येतच नाही, याची माहिती त्यांच्याइतकी अन्य कोणास नसते. ती माहिती नोंदवहीत यावी आणि जलसुरक्षकाच्या ओ. टी. चाचणीशी ताडून पाहिली जावी.

गावात निदान एक तरी माणूस हे काम शास्त्रशुद्ध जाणणारा असावा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये नळ कारागिराचा अभ्यासक्रम आहे. जल जीवन मिशनअंतर्गत ‘नल जल मित्र’ प्रशिक्षणाचीही योजना आहे. गावातील एखाद्या होतकरू तरुणाला किंवा तरुणीला तेथे पाठविणे, ही योजनेच्या देखभालीतील उत्तम गुंतवणूक ठरेल.

शिक्षकांना येथे शिकविण्याचे अनायास साधन मिळते. शाळेच्या गळक्या तोटीखाली मोजपात्र ठेवून दहा मिनिटांचे पाणी मोजावे आणि दिवसाचा, महिन्याचा हिशेब मुलांकडून फळ्यावर करवून घ्यावा. मात्र हिशेब झाल्यावर ती तोटी त्याच आठवड्यात दुरुस्तही झाली पाहिजे. ज्या शाळेत गळतीवर धडा होतो आणि तोटी गळतच राहते, तेथे मुले धडा विसरतात आणि गळती लक्षात ठेवतात. अधिकारीवर्गानेही गावभेटीत टाकी व पंपघर पाहून परत न फिरता टोकाच्या वस्तीतील शेवटची तोटी स्वतः उघडून पाहावी. योजनेची खरी परीक्षा तेथेच होते.

थेंबे थेंबे तळे साचते, हे सर्वांना ठाऊक आहे. ते थेंबे थेंबेच रिते होते, याची जाणीव मात्र उशिरा होते. शेवटच्या घरातील म्हातारीला डोक्यावर हंडा घेऊन विहिरीवर जावे लागू नये, या हेतूने ही नळयोजना उभी राहिली आहे. वरच्या आळीतील एखादा जोड वेळीच कापून नीट बसविला, तर तिची खेप वाचते. त्यासाठी लागणारा एल्बो, थोडे सोल्युशन आणि एक दिवसाचा धीर, एवढे साहित्य प्रत्येक गावाच्या आवाक्यातील आहे.